महिलांची ५०० मीटर शॉर्ट ट्रॅक शर्यत: नशीब किती, कसब किती?

खानापूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांची अकरा वर्षांची मुलगी इनलाइन, म्हणजे एका ओळीतील चाकांच्या बुटांवरील स्केटिंग शिकते. सुट्टीत तिने मोबाइलवर हिवाळी ऑलिंपिकमधील महिलांच्या ५०० मीटर शॉर्ट ट्रॅक (छोट्या मार्गावरील बर्फावरच्या स्केटिंगच्या) शर्यती पाहिल्या आणि त्यांतील २०१४ ची सोची येथील अंतिम शर्यत पाहून ती खट्टू झाली. पुढच्या तिघी पडल्या आणि सर्वांत मागे असलेली खेळाडू एकटीच पुढे निघून सुवर्णपदक घेऊन गेली. ‘हे असेच ठरणार असेल, तर रोज पहाटे उठून सराव कशासाठी करायचा?’ असे ती आईला विचारते. ताईंचा दुसरा प्रश्न असा, की बेळगावात चाकांवर शिकलेल्या मुलीला पुढे बर्फावर जाता येईल का, आणि त्यासाठी आतापासून काय करावे.

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न खरोखर चांगला आहे, आणि तिला ‘मेहनतीचे फळ मिळतेच’ असे सांगून गप्प बसवू नये असे मला वाटते. या शर्यतीत नशिबाचा भाग आहे. परंतु तो जितका दिसतो तितका नाही, आणि जो आहे तोही सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. कारण कोण कुठे उभी आहे, पुढचीपासून किती अंतर ठेवून आहे आणि वळणात कोणत्या रेषेने शिरते आहे यावर तिच्या वाट्याचे नशीब बरेचसे अवलंबून असते. ही जागा वळणात शिरण्याआधी घ्यावी लागते. एकदा वळणात शिरल्यावर विचार करायला सवड नसते.

आधी पदकांची यादीच पाहू. महिलांची ५०० मीटर शर्यत १९९२ मध्ये आल्बरव्हिल येथे ऑलिंपिकमध्ये आली. त्या वर्षी महिलांसाठी शॉर्ट ट्रॅकमधील ती एकमेव वैयक्तिक शर्यत होती. तेव्हापासून २०२२ च्या बीजिंगपर्यंत या शर्यतीची नऊ सुवर्णपदके दिली गेली आणि ती फक्त सहा जणींनी घेतली. अमेरिकेच्या कॅथी टर्नरने १९९२ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन, चीनच्या वांग मेंगने २००६ आणि २०१० अशी दोन, इटलीच्या आरियाना फोंतानाने २०१८ आणि २०२२ अशी दोन. राहिलेली तीन कॅनडाच्या ॲनी पेरो, चीनच्या यांग यांग आणि चीनच्याच ली जियानरौ यांची. केवळ सोडत असती, तर तीन वेगवेगळ्या काळांत तीन वेगवेगळ्या खेळाडूंना ती लागोपाठ दोनदा लागली नसती. फोंतानाचे तर आणखी विशेष आहे. तिला याच अंतरात २०१० मध्ये कांस्य, २०१४ मध्ये रौप्य, २०१८ मध्ये सुवर्ण आणि २०२२ मध्ये पुन्हा सुवर्ण मिळाले. बारा वर्षांच्या काळात चार ऑलिंपिक आणि चारही वेळा पदक, आणि तेही जिथे ब्लेड जरासे घसरले तरी सारे संपते अशा शर्यतीत. मुलीला ही एवढी यादी कागदावर लिहून दाखवली तरी तिच्या शंकेचे अर्धे उत्तर तिला मिळेल.

उरलेले अर्धे उत्तर समजण्यासाठी शर्यत नेमकी कुठे आणि कशी होते ते पाहिले पाहिजे. शॉर्ट ट्रॅकचे रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते, म्हणजे आइस हॉकीच्या मैदानाएवढेच. त्यावर अंडाकृती मार्ग आखलेला असतो आणि त्याचा एक लॅप, म्हणजे पूर्ण फेरा, १११.१२ मीटरचा असतो. प्रत्येक वळणावर सात काळे रबरी ठोकळे ठेवलेले असतात. त्यांच्या आतून गेले की खेळाडू बाद होते. ५०० मीटर म्हणजे साडेचार लॅप. सुरुवात एका सरळ भागाच्या मध्यावर आणि शेवट समोरच्या सरळ भागाच्या मध्यावर, त्यामुळे संपूर्ण शर्यतीत बरोबर नऊ वळणे येतात. सरळ भाग २८.८५ मीटरचा असतो. जागतिक दर्जाच्या खेळाडूला तो दोन-तीन सेकंदांत संपतो, आणि त्यातही ती सरळ अशी धावतच नाही. एका वळणातून बाहेर फेकली जाते आणि लगेच पुढच्या वळणासाठी जागा शोधू लागते.

आता वळणात शरीरावर काय येते ते पाहू. बीजिंगमध्ये फोंतानाने अंतिम शर्यत ४२.४८८ सेकंदांत पूर्ण केली. उभ्या स्थितीतून सुरुवात धरूनही हा ताशी ४२ किलोमीटरहून अधिक सरासरी वेग आहे. सेकंदाला १२ मीटर वेगाने धावणारी खेळाडू ११ मीटर त्रिज्येच्या वळणात शिरली, असे धरून हिशेब केला तर तिला आतल्या बाजूला लागणारा जोर तिच्या वजनाच्या सव्वापटीहून अधिक येतो, आणि दोन्ही मिळून तिच्या पायांवर वजनाच्या साधारण १.७ पट भार पडतो. पंचावन्न किलो वजनाची मुलगी त्या क्षणी नव्वद किलोंहून अधिक भार पेलत असते, तोही बहुतेक वेळ एका पायावर, गुडघा पूर्ण वाकवून, एक-सव्वा मिलिमीटर जाडीच्या पात्यावर. शरीर इतके झुकते की बर्फापासून त्याचा कोन चाळीस अंशांच्याही खाली जातो. डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकलेली दिसतात ती तोल सावरण्यासाठी, आणि बोटांची टोके घासून ती अडकू नयेत म्हणून हातमोज्याच्या टोकांवर कडक गुळगुळीत आवरण असते. असा भार नऊ वेळा घ्यायचा, आणि शेजारी त्याच तयारीच्या तीन-चार जणी असायच्या. पडणे हा या खेळाचा अपवाद नाही हे यावरून ध्यानात येईल. म्हणूनच कडेला जाड गाद्या असतात, अंगाला पाते लागून इजा होऊ नये म्हणून खास न कापला जाणारा पोशाख आणि गळ्याचे संरक्षण सक्तीचे असते, आणि पात्याचे मागचे टोक गोल घासलेले असावे लागते.

सुरुवातीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे आमच्याकडील मुली आणि त्यांचे पालक सर्वांत कमी लक्ष देतात. या शर्यतीत पहिला अर्धा लॅप जवळपास सात सेकंदांत होतो आणि पुढचे चार लॅप प्रत्येकी सरासरी नऊ सेकंदांच्या आत होतात. पहिल्या वळणात जी पहिली शिरते, तिला मागे टाकण्यासाठी मागच्यांकडे फक्त आठ वळणे उरतात. सर्वांत आतील जागेवरून निघणारीला हे वळण सर्वांत जवळ पडते. पुढच्या फेऱ्यांत ही आतील जागा चिठ्ठ्या टाकून मिळत नाही, आधीच्या फेरीत जिची वेळ चांगली तिला मिळते. म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत, जिथे दुसरे आले तरी पुढे जाता येते, तिथेही जी खेळाडू शेवटचे दहा मीटर सोडून देत नाही, ती प्रत्यक्षात उपांत्य फेरीतील आपली जागा तेव्हाच कमावत असते. पाहणाऱ्याला अंतिम शर्यतीत ‘हिला आतली जागा मिळाली, हिचे नशीब’ असे वाटते. ती जागा तिने आदल्या फेरीत विकत घेतलेली असते.

सुरुवातीची चूक मात्र महागात पडते. बंदुकीच्या आवाजाआधी कोणी हालली की सर्वांना परत बोलावतात, आणि त्यानंतर पुन्हा जी चुकेल ती बाद होते, मग पहिली चूक दुसऱ्याच कोणाची असली तरीही. त्यामुळे दुसऱ्या वेळी उभ्या राहिलेल्या खेळाडूंच्या चेहऱ्यावर वेगळाच ताण दिसतो. जी खेळाडू सरावात आवाजावर निघायला शिकलेली असते तिला तो कमी जाणवतो. जी शेजारणीच्या हालचालीवर निघायला शिकलेली असते तिचा घोटाळा होतो. आमच्या रिंकवर लहान मुलींच्या सुरुवातीकडे बारकाईने पाहा: बऱ्याच जणी शिट्टीवर निघत नाहीत, शेजारची निघाली की निघतात. ही सवय दहा-अकराव्या वर्षीच मोडावी लागते.

पुढे धावणारीला मागे टाकणे एवढे अवघड का असते, याची दोन कारणे आहेत. एक नियमांचे आहे. पुढे असलेल्या खेळाडूला तिचा मार्ग निवडण्याचा हक्क असतो; ओव्हरटेक करणारीने धक्का टाळायचा असतो, आणि धक्का लागला तर, पुढचीने काही गैर केले नसेल, दोष मागून येणारीचा धरला जातो. दुसरे कारण मार्गाचे आहे. वेगात वळण घ्यायचे तर रुंद बाजूने शिरून ठोकळ्यांच्या जवळून बाहेर पडावे लागते. आतून घुसायचे असेल तर मागच्या खेळाडूला याच्या उलट करावे लागते, म्हणजे अरुंद शिरायचे. मग वळणाच्या शेवटी ती बाहेर फेकली जाते आणि पुढची पुन्हा आतून निघून जाते. बाहेरून जायचे तर अंतर वाढते. म्हणून चांगल्या खेळाडू एका वळणात ओव्हरटेक करत नाहीत. त्या एक वळण आधी जरा मागे राहतात, बाहेरून रुंद शिरतात, पुढचीपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडतात आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी तिच्या आतल्या बाजूला खांदा नेऊन ठेवतात. पाहणाऱ्याला फक्त शेवटचा भाग दिसतो आणि तो अचानक घडल्यासारखा वाटतो.

आता सोचीची ती शर्यत. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी अंतिम शर्यतीत चौघी होत्या: कोरियाची पार्क स्युंग-ही, इटलीची आरियाना फोंताना, ब्रिटनची एलिस क्रिस्टी आणि चीनची ली जियानरौ. पार्क पुढे निघाली. सुरुवातीच्या वळणांमध्येच क्रिस्टीने आतून फोंतानाच्या बाजूला घुसण्याचा प्रयत्न केला, दोघी एकमेकींना लागून घसरल्या आणि त्यांच्यामुळे पार्कही पडली. पार्क उठली, पण घाईत पुन्हा पडली. ली मागे होती, ती या तिघींच्या बाहेरून निघाली आणि उरलेले अंतर एकटीने कापले. तिची वेळ ४५ सेकंदांच्या पुढे गेली. क्रिस्टीला पेनल्टी मिळाली, म्हणजे ती निकालातून बाद झाली, त्यामुळे फोंतानाला रौप्य आणि पार्कला कांस्य.

ही शर्यत मुलीबरोबर पुन्हा पाहा, पण या वेळी पडणाऱ्यांकडे न पाहता ली जियानरौकडे पाहा. ती संथ निघाली, हा तिचा कमकुवतपणा होता, आणि चौघी उभ्या राहिल्या असत्या तर ती बहुधा पदकाविना परतली असती. हे मी लपवणार नाही. परंतु ती मागे असताना पुढच्या तिघींना चिकटून नव्हती. ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपासच्या वेगात समोर तीन शरीरे आडवी झाली तर मार्ग बदलण्यासाठी डोळ्यांसमोर अंतर आणि पायांत ताबा लागतो, आणि तिच्याकडे तो होता. पुष्कळदा मागून येणारी खेळाडू पडलेलीच्या पात्याला अडकून तिच्याबरोबर गादीपर्यंत जाते. लीला मिळालेली संधी नशिबाची होती असे म्हणा. ती घेता येण्याजोगी उभी राहणे हे तिचे होते. शिवाय चीनची आघाडीची खेळाडू वांग मेंग त्या ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी घोटा मोडून बाहेर पडली होती. तरीही त्या देशाने ही शर्यत जिंकली, आणि २००२, २००६, २०१० नंतर लागोपाठ चौथ्यांदा जिंकली. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे यांग यांगने याच शर्यतीत चीनला हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले होते. अनेक मुली एकाच रिंकवर एकमेकींविरुद्ध रोज धावत असतील, तर पहिली गेल्यावर दुसरी उभी राहते.

एलिस क्रिस्टीबद्दलही दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. ती धसमुसळी, एवढेच तुमच्या मुलीच्या लक्षात राहू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे तिने ५०० मीटरचा ४२.३३५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि २०१७ मध्ये ती जागतिक विजेती झाली. तरी तिला ऑलिंपिकचे एकही पदक मिळाले नाही. २०१८ च्या ५०० मीटरच्या अंतिम शर्यतीतही ती पडली. जगातील सर्वांत वेगवान मुलगी या शर्यतीत रिकाम्या हाताने परत जाऊ शकते, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. तिच्या दोन्ही अंतिम शर्यती पाहिल्यावर माझे मत असे झाले, की तिच्याकडे वेग होता, पण सुरुवातीलाच पुढची जागा न मिळाल्यामुळे तिला गर्दीतून वाट काढावी लागली, आणि गर्दीत वेगापेक्षा जागा मोलाची ठरते. याच्या उलट २०१८ मध्ये प्योंगचांग येथे फोंताना पुढे राहिली आणि मागे काय चालले आहे याची झळ तिला लागली नाही. त्या शर्यतीत कोरियाची चोई मिन-जोंग तिच्या अगदी पाठोपाठ दुसरी आली होती, पण तिने एका प्रतिस्पर्धी खेळाडूला अडथळा केल्याचे पंचांनी चित्रफीत पाहून ठरवले आणि तिची पेनल्टी जाहीर झाली. रौप्य नेदरलँड्सच्या यारा व्हान केरखॉफला आणि कांस्य कॅनडाच्या किम बूतांला गेले. अंतिम रेषा ओलांडली म्हणजे शर्यत संपली असे या खेळात समजू नये.

बीजिंगची शर्यत मला सर्वांत जास्त आवडते. तिथे नेदरलँड्सची सुझान शुल्टिंग सर्वांत वेगवान होती. उपांत्यपूर्व फेरीत तिने ४२.३७९ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला होता. अंतिम शर्यतीत ती ४२.५५९ सेकंदांत आली आणि फोंताना ४२.४८८ सेकंदांत. फरक ०.०७१ सेकंदाचा, म्हणजे त्या वेगात एक मीटरहूनही कमी. फोंतानाची ती वेळ शुल्टिंगच्याच आधीच्या वेळेपेक्षा संथ आहे, तरीही सुवर्ण तिचे. घड्याळाविरुद्ध धावण्याच्या लाँग ट्रॅकमध्ये असा निकाल लागला नसता. इथे मात्र त्या दिवशी, त्या चार-पाच जणींमध्ये, पुढे कोण हाच प्रश्न असतो. किम बूतांने नोव्हेंबर २०१९ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ४१.९३६ सेकंदांची वेळ देऊन महिलांमध्ये प्रथमच ४२ सेकंदांची भिंत ओलांडली, पण त्या विक्रमाच्या बळावर तिला बीजिंगमध्ये सुवर्ण मिळाले नाही, कांस्य मिळाले.

उपकरणांबद्दल थोडक्यात सांगते, कारण मुलगी विचारेलच. शॉर्ट ट्रॅकचे पाते बुटाच्या मध्यावर नसते, डावीकडे सरकवलेले असते. नाहीतर इतके झुकल्यावर बुटाची कड बर्फाला लागून पाते उचलले जाईल. पाते वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलेही असते, त्यामुळे वळणात त्याचा अधिक भाग बर्फाला धरतो. लाँग ट्रॅकमध्ये टाच सुटी होणारे स्केट वापरतात, ते इथे चालत नाहीत. शेवट पात्याच्या टोकावरून मोजतात. म्हणून शेवटच्या क्षणी खेळाडू पाय पुढे सरकवतात, मात्र तो बर्फावरून सरकला पाहिजे. पाय उचलून लाथेसारखा पुढे टाकला तर ते धोकादायक मानून शिक्षा होते. आमच्या मुली चाकांवर शेवटच्या रेषेवर पाय हवेत उडवतात, ती सवय बर्फावर जाणाऱ्या मुलीला नको. आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट: दोन शर्यतींच्या मध्ये कर्मचारी वळणांवर पाणी ओततात, खरवडलेला बर्फ भरून निघावा म्हणून, आणि ठोकळे थोडे सरकवून मार्गही बदलतात. कोणत्या वळणाचा बर्फ किती खराब झाला आहे हे धावण्याआधी पाहून ठेवणारी खेळाडू तिथे आतून घुसण्याचे धाडस करत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. बेळगावात स्केटिंगची आवड जुनी आहे. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, अनगोळ इथल्या मुली शाळेआधी रिंकवर येतात, निपाणी-चिकोडीकडूनही पालक सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन येतात, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत एकमेकींना हाका मारत त्या सराव करतात. पण हे सगळे चाकांवर. बर्फ आपल्याकडे नाही. भारतात बर्फावरील स्केटिंगसाठी डेहराडूनचे हिमाद्री रिंक आहे, शिमल्याला १९२० पासूनचे नैसर्गिक बर्फाचे रिंक आहे, आणि लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठायची आणि तिथून डेहराडून, एवढा प्रवास करून काही दिवस सराव मिळतो. खर्चाचा आणि शाळेचा विचार करता अकराव्या वर्षी तो करण्याची गरज मला वाटत नाही. आधी चाकांवर पाया पक्का होऊ द्या.

हा पाया वाया जात नाही. आरियाना फोंतानानेसुद्धा लहानपणी सुरुवात रोलर स्केटिंगनेच केली आणि मग ती बर्फावर गेली. पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये, ट्युरिन येथे तिला रिलेचे कांस्य मिळाले. लाँग ट्रॅकमध्ये २०२२ ला महिलांच्या ५०० मीटरचे सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची एरिन जॅक्सनही इनलाइनमधून आलेली. आणि बर्फावर न जाता चाकांवरच राहायचे ठरले तरी पुढे रस्ता आहे: २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय मुलींनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक घेतले.

चाकांवरून बर्फावर काय जाते आणि काय जात नाही, हे मात्र स्पष्ट असावे. वळण दोन्हीकडे डावीकडेच असते, त्यामुळे उजवा पाय डाव्यावरून टाकण्याची हालचाल, सुरुवातीची छोटी जोरकस पावले, गर्दीत खांदे न उचलता धावणे आणि पुढचीच्या पाठीमागे हवेचा आडोसा घेणे हे सगळे जाते. जात नाही ते झुकणे. रबरी चाक एका मर्यादेपलीकडे झुकवले की सुटते, म्हणून मुली नकळत कमरेतून आत वाकतात आणि पाय सरळ ठेवतात. बर्फावर संपूर्ण शरीर एका रेषेत झुकवावे लागते. काही स्केटिंग ट्रॅकची वळणे उंच उताराची असतात, तिथे उतारच मुलीला वळवतो. त्या सवयीची मुलगी सपाट बर्फावर पहिल्याच वळणात सरळ गादीकडे जाते. आणि जात नाही ते डाव्या पायाचे ढकलणे. बहुतेक मुली वळणात उजव्या पायाने जोर लावतात आणि डावा पाय नुसता उचलून पुढे ठेवतात. खरा वेग डावा पाय शरीराच्या खालून उजवीकडे ढकलला जातो त्यातून येतो. मुलगी वळण घेत असताना मागून उभे राहून पाहा: डावा पाय उजव्या पायाच्या मागून उजवीकडे पूर्ण लांब होताना दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर चाके कितीही महाग घेतली तरी वेळ सुधारणार नाही.

यासाठी पट्ट्याचा व्यायाम सर्वांत उपयोगी, आणि त्याला रिंक लागत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या भागात उघड्या रिंकवर पाणी असते, तेव्हा आम्ही हाच व्यायाम छपराखाली करून घेतो. मुलीच्या कमरेभोवती रुंद कापडी पट्टा घालायचा, त्याची दोन्ही टोके तिच्या उजवीकडे उभ्या असलेल्या जोडीदाराने धरायची. मुलीने तालमीतल्या पैलवानासारखे गुडघे वाकवून खाली बसायचे, मान वर, पाठ थोडी गोल, आणि घोट्यापासून खांद्यापर्यंत एका रेषेत डावीकडे झुकायचे. पट्टा तिचा भार तोलून धरतो. मग उजवा पाय डाव्यावरून टाकायचा, डावा पाय खालून ढकलून पूर्ण लांब करायचा आणि पुन्हा पहिल्या स्थितीत यायचे. जोडीदार तिच्याबरोबर बाजूने सरकत राहतो. पहिल्या दिवशी मुली घाबरून कंबर मोडतात, कारण पट्ट्यावर विश्वास बसत नाही. तेव्हा पट्टा आईने धरावा, प्रशिक्षकाने नव्हे. झुकणे लवकर येते असे मी पाहिले आहे. सुरुवातीला वेग अजिबात नको. उजवा गुडघा पायाच्या अंगठ्यावर येतो की आत पडतो एवढेच पाहा, आणि आत पडत असेल तर थांबवा. वाढत्या वयातील मुलीच्या गुडघ्याला ते बरे नाही.

गर्दीत धावण्याचा सराव वेगळा करावा लागतो. आम्ही चार मुलींना एका ओळीत, हात लांब केला तर पुढचीच्या पाठीला टेकेल एवढ्या अंतराने धावायला लावतो आणि शिट्टी वाजली की शेवटची मुलगी दोन वळणांत पुढे येते. धक्का लागला तर ती पुन्हा मागे जाते, मग चूक कोणाची याची चर्चा होत नाही. दुसऱ्या प्रकारात पुढची मुलगी मुद्दाम रुंद जाते आणि मागचीने आत जागा दिसूनही घुसायचे नसते, फक्त ती जागा किती वेळ उघडी राहिली ते मनात मोजायचे. मुलींना हा प्रकार आवडत नाही, पण क्रिस्टीसारखी दार बंद होत असताना केलेली धाव टाळायची तर दार किती वेळ उघडे असते हे आधी कळायला हवे.

मुलीला पडण्याची भीती वाटत असेल तर तिला पडायलाही शिकवावे लागेल: तोल गेला की हात मागे टेकू नयेत, बसकण मारून कुशीवर घसरावे, पाय उचलून धरावेत म्हणजे मागच्या मुलीला चाके लागत नाहीत. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटांपेक्षा सैल नसावा. नवीन चाके, नवीन बेअरिंग यांवर या वर्षी पैसे घालू नका. बूट घोट्याला नीट बसतो का तेवढे पाहा, कारण सैल बुटात डाव्या पायाने ढकलता येत नाही, आणि पुढच्या वर्षी पाय वाढेल म्हणून एक माप मोठा बूट घेण्याची आपल्याकडची सवय या खेळात नुकसान करते.

पुढच्या महिन्यात शहरात येणे झाले तर तिला एखाद्या शनिवारी सकाळी रिंकवर घेऊन या. स्केट आणले नाहीत तरी चालेल, साधे कॅनव्हासचे बूट आणि एक जुनी मजबूत ओढणी पुरे. पट्ट्याचा व्यायाम तुमच्याच हातून करून घेऊ, म्हणजे घरी अंगणात तो तुम्हाला चालू ठेवता येईल.